उंदीर वजा करून दूधभात

"आमच्या आजीची मांजरं दूधभातावर वाढली. कुणाला काही झालं नाही." मांजराच्या खाण्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. निवारा केंद्रातून किंवा सोसायटीच्या पार्किंगमधून एखादं पिल्लू घरी आणलेलं असतं, बाल्कनीला जाळी लावून झालेली असते आणि पहिल्याच संध्याकाळी त्याच्यापुढं मऊ भात कालवलेली दुधाची वाटी सरकवली जाते. सरकवणाऱ्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मांजराचं या वाटीवर भागत नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे, आणि त्याचा पहिला पुरावा आजीच्या मांजराकडेच आहे.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण जोरानिशी. मांजर आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या आहे. आपल्या म्हणींतलं मांजर सदा दुधापाशी सापडतं. डोळे मिटून दूध पितं, नाहीतर शिंकं तुटायची वाट बघत बसतं. ज्या घरांत कधी मटण-मासळी शिजली नाही, त्या घरांतही मांजरं राहिली, व्याली, त्यांच्या पिल्लांना पिल्लं झाली. मग आजच मांजराला पाऊच आणि डबे का लागावेत? कंपन्यांना ते विकायचे आहेत म्हणून! या युक्तिवादात अनुभव आहे आणि बाजाराविषयीचा रास्त संशयही आहे, त्यामुळं तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात मांजराच्या जेवणाचा अर्धाच भाग मोजलेला आहे. वाटी माणसांसमोर असायची, शिकार रात्री माळ्यावर व्हायची.

जुन्या घरात मांजर पाळलं जाई ते धान्यासाठी. कणगीत, बळदात, पेवात धान्य, धान्यामागं उंदीर, उंदरांमागं मांजर. हे नातं जवळपास शेतीइतकं जुनं आहे. सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस इथं माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर उत्खननात सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं असल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे ती कुणीतरी होडीतून नेलेली असणार. माणसानं मांजराला एवढं जवळ केलं ते त्याच्या शिकारीच्या गुणामुळं. कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या घरात सकाळी पडवी झाडताना उंदराचं शेपूट नाहीतर आतड्याचा एखादा ओलसर गोळा सापडायचा. घरातली बाई तो केरसुणीनं अंगणाबाहेर लोटायची आणि मग मांजराला दूधभात वाढायची. पुढं "आमचं मांजर दूधभात खायचं" असं सांगितलं गेलं, पण त्या केराचा उल्लेख कुणी केला नाही.

एका उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर. तेवढे रोज मिळत नसतील, तिथं पाली, चिमण्या, टोळ, कोळीवाड्यात माशांची डोकी अशी भर पडे. दुधाची वाटी म्हणजे त्यावरचा वरकड. शाकाहारी घरातलं मांजरही शाकाहारी नव्हतं. ते जेवायला बाहेर जात होतं, इतकंच. आज आपण त्याला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं आणि खिडक्यांना जाळ्या लावल्या. ते योग्यच केलं. रस्त्यावरचे अपघात, मारामाऱ्या, रोग यांपासून ते वाचलं. पण जाळी लावताना आपण त्याचे उंदीर काढून घेतले. वरकड होती ती वाटी आता त्याचं सगळं जेवण झाली.

राहिला "कुणाला काही झालं नाही" हा भाग. त्या मांजरांची वयं कुणी मोजली होती? मांजर दोन-तीन वर्षं दिसायचं, मग दिसेनासं व्हायचं, तोवर दुसरी भाटी माळ्यावर व्यालेली असायची. घरात मांजर कायम होतं, पण ते तेच मांजर नव्हतं. नीट सांभाळलेलं घरबंद मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, आणि इतकी वर्षं एकाच वाटीतून जेवायचं तर तिच्यातली उणीव शरीरात साठत जाणारच.

उणीव किती, ते हिशेबानं बघू. शंभर ग्रॅम शिजलेला भात आणि शंभर मिलिलिटर गाईचं दूध मिळून साधारण १९५ कॅलरी होतात, म्हणजे मांजराचा दिवस जवळजवळ भागला. त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम सहा ग्रॅम. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या 'आफ्को' या अमेरिकी संघटनेनं प्रौढ मांजरासाठी हजार कॅलरींमागं किमान ६५ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. १९५ कॅलरींना ती तेरा ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे पोट भरलेलं दिसतं आणि प्रथिनं निम्म्याहूनही कमी पडतात. मांजराचं यकृत प्रथिनं जाळून त्यांतून ऊर्जा काढत राहतं आणि प्रथिनं कमी आली तरी हा खर्च ते फारसं आवरू शकत नाही. कुत्र्याला किंवा माणसाला हे बऱ्यापैकी जमतं, म्हणून कुत्रा भाकरीवर बरेच दिवस काढतो आणि मांजर आतून झिजत जातं.

प्रथिनांचा आकडा दूध वाढवून कसाबसा गाठता येईल, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर देणारा प्रयोग सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. १९७५ साली के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. त्यांनी मांजरांना असा आहार दिला होता, की ज्यात प्रथिनांसाठी केसीन होतं. केसीन म्हणजे दुधातलंच प्रमुख प्रथिन. त्या मांजरांच्या डोळ्यांतला दृष्टिपटल खराब होत गेला आणि कारण निघालं टॉरिनचा अभाव. टॉरिन हे मांसात, विशेषतः हृदयासारख्या सतत काम करणाऱ्या स्नायूत भरपूर असतं. भातात ते नसतं, गाईच्या दुधात नावापुरतं असतं. आपलं शरीर ते बनवून घेतं. मांजराच्या शरीरात ते पुरेसं बनत नाही आणि पित्ताबरोबर रोज खर्च मात्र होतं. दृष्टिपटलाची झीज एकदा झाली की भरून येत नाही. ती महिनोन्‌महिने हळूहळू होते आणि ओळखीच्या घरात मांजर मिशांच्या आणि सवयीच्या बळावर बिनचूक वावरत राहतं, त्यामुळं घरच्यांना पत्ताही लागत नाही.

पुढं १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन यांनी दाखवलं, की मांजरांत तेव्हा सर्रास आढळणारा, हृदय फुगून निकामी होण्याचा एक आजार टॉरिनच्या कमतरतेशी जोडलेला आहे आणि वेळेत टॉरिन दिलं तर हृदय सुधारतं. ही मांजरं दूधभातावरची नव्हती, तयार खाद्यावरची होती. म्हणजे तेव्हाच्या पाकिटांतही चूक होती. ती सापडली, प्रमाण वाढवण्यात आलं आणि तो आजार झपाट्यानं कमी झाला. पाकिटावर आंधळा विश्वास ठेवू नये हे यातून जरूर शिकावं, आणि चूक शोधून दुरुस्त करण्याची सोय कुठं आहे, हेही शिकावं. वाटीतल्या दूधभाताची अशी तपासणी कुणीच करत नाही.

टॉरिनपाशी हे थांबत नाही. गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटिनपासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवतो, मांजर बनवू शकत नाही; त्याला ते प्राण्यांच्या ऊतींतून तयारच लागतं. उन्हात पडून राहिलं तरी त्याच्या कातडीत पुरेसं 'ड' तयार होत नाही. अ‍ॅराकिडोनिक आम्ल हे स्निग्धाम्ल तेलांपासून त्याला पुरेसं साधत नाही. आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल एखाद्या जेवणात अजिबात नसेल तर रक्तात अमोनिया चढून मांजर काही तासांत गंभीर आजारी पडतं, हे मॉरिस आणि रॉजर्स यांनी १९७८ मध्ये दाखवलं. लाखो वर्षं समोर सबंध प्राणी आला, त्यात हे सगळं आयतं होतं. ते बनवण्याची यंत्रणा या शरीरानं राखलीच नाही.

"पण ते आवडीनं पितं ना!" हा शेवटचा आधार. पितं, कारण दुधात स्निग्धांश आहे. दुधाची गोडी त्याला कळतही नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचं (रिसेप्टरचं) एक जनुक मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २००५ साली सिद्ध केलं. दूधभाताची वाटी मांजरापुढं ठेवून नुसतं बघत बसा. आधी वरची साय जाते. मग जीभ कडेकडेनं दूध ओढते आणि शितं बाजूला सारते. शेवटी तळाशी ओलसर भात उरतो आणि मांजर पंजा चाटत निघून जातं. त्याची निवड त्यानं आपल्यासमोर केलेली असते, आणि आपण मात्र पुढच्या वेळी भात आणखी बारीक कुस्करतो. दुधाचंही असं, की आईचं अंगावरचं सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यातलं लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं विकर, कमी होत जातं. काहींना दोन चमचे पचतात, अनेकांना जुलाब होतात. घरी आणलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात जुलाब झाले की "जागा बदलली ना" असं म्हटलं जातं. कधी तेही असेल, कधी जंत असतील. पण वाटी आधी तपासावी.

इथं एका प्रामाणिक अडचणीकडं वळायला हवं. अनेक घरांत मांसाहार वर्ज्य आहे, तो श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. वनस्पतीजन्य घटक आणि कारखान्यात तयार केलेलं टॉरिन वापरून मांजराचं शाकाहारी खाद्य बनवता येतं, तसं ते विकलंही जातं. २०२३ साली 'प्लॉस वन'मध्ये अशा आहारावरच्या मांजरांची तब्येत वाईट नसल्याचं सांगणारा एक अभ्यास आला, पण त्याचा पाया होता पालकांनी स्वतः भरून दिलेली माहिती. मघाशी म्हटलं तसं, मांजराची नजर गेलेलीही घरच्यांना कळत नाही. तिथं एवढ्या आधारावर मी कुणालाही हा सल्ला देणार नाही. आणि त्या तयार शाकाहारी खाद्याचा आधार घेऊन दूधभाताचं समर्थन तर होऊच शकत नाही, कारण त्यात जे मुद्दाम घातलेलं असतं ते भातात नसतं. मांजरासाठी बंद पाकीट आणायचं, त्याची ताटली, चमचा आणि कोपरा वेगळा ठेवायचा, ओट्यावर काही शिजवायचं नाही, अशी तोड पुष्कळ शाकाहारी घरांनी काढली आहे. तेवढंही मनाला पटत नसेल तर मांजर दत्तक न घेणं हा सन्मान्य निर्णय आहे. सशाला पालाच लागतो, आणि त्यालाही घर हवं असतं.

दूधभाताचं खंडन झालं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. "ठीक, मग रोज चिकन उकडून घालू. घरचं, ताजं, बिनभेसळीचं." हे मत जास्त सुशिक्षित वाटतं, म्हणून जास्त फसवं आहे. उंदीर म्हणजे नुसतं मांस नसतं. मांजर तो हाडांसकट, काळजा-यकृतासकट खातं. बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियमच्या साधारण पंधरापट फॉस्फरस असतो, आणि मांजराला हे दोन्ही जवळपास बरोबरीनं, कॅल्शियम थोडं अधिक, असे लागतात. हाडांशिवायचं मांस महिनोन्‌महिने घातलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून ते काढू लागतं. वाढत्या पिल्लात हे फार लवकर होतं. खाटेवरून उडी मारताना पाय मोडला म्हणून डॉक्टरांकडं नेलेलं पिल्लू रोज आवडीनं चिकन खात असतं, आणि घरच्यांना ते खरं वाटत नाही. उपाय म्हणून शिजलेली हाडं घालावीत तर ती टोकदार तुटतात आणि घशात, आतड्यात रुततात. यकृत रोज घातलं तर 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके एकमेकांना जखडतात. नुसती तेलकट मासळी रोज दिली तर 'ई' जीवनसत्त्व अपुरं पडून अंगातल्या चरबीला दुखरी सूज येते. काही कच्च्या माशांतलं विकर थायमिन नष्ट करतं. सुकटीत मीठ फार. आणि आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन घातला तरी त्यात कांदा-लसूण मुरलेला असतोच, जो मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. कच्च्या मांसाचे पुरस्कर्तेही भेटतात. त्यांनी नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्राची आठवण ठेवावी. २०२४च्या डिसेंबरात तिथले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले. मार्जारकुळाला तो विषाणू किती घातक आहे हे त्यातून दिसलं, आणि कच्चं चिकन घरात आणायचं तर एवढा धोका ताटलीत येतो.

घरचं खाणं अजिबातच देऊ नये असं नाही. उकडलेल्या चिकनचे चार तुकडे, बिनमिठाचा, काटे काढलेला बांगड्याचा घास, थोडं उकडलेलं अंडं हे खुशाल द्यावं. दिवसाच्या कॅलरींतला दहावा हिस्सा एवढी मर्यादा पाळली की झालं. चिकन उकडलेलं पाणी टाकू नये, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. सगळं जेवण घरीच करायचं असेल तर पशुआहाराच्या जाणकाराकडून प्रमाणं लिहून घ्यावीत आणि त्यातलं पूरक चूर्ण एक दिवसही चुकवू नये.

म्हणून मंडन असं: नव्या घरबंद मांजराचं मुख्य जेवण म्हणजे मांजरासाठीच बनवलेलं 'पूर्ण आणि संतुलित' खाद्य, आणि त्यातला जमेल तेवढा भाग ओला. हे दोन शब्द पाकिटावर शोधायचेच. मांजराचं चित्र असलेलं प्रत्येक पाकीट जेवण नसतं. सुंदर दिसणाऱ्या कित्येक पाऊचांवर बारीक अक्षरांत 'पूरक खाद्य' असं लिहिलेलं असतं, आणि तो खाऊ असतो. वयही बघायचं: पिल्लाचं वेगळं, प्रौढाचं वेगळं. घरात कुत्रा आहे म्हणून त्याच्याच पिशवीतलं मांजराला देऊ नये. आफ्कोच्या निकषांत प्रौढ कुत्र्याला शुष्क भागात किमान १८ टक्के प्रथिनं चालतात, मांजराला २६ लागतात, आणि कुत्र्याच्या खाद्यात टॉरिन घालण्याचं बंधनही नाही.

टक्के वाचताना एक गफलत नेहमी होते. सुक्या खाद्याच्या पिशवीवर ३२ टक्के प्रथिनं, ओल्या पाऊचवर १०. ग्राहक पिशवी उचलतो. पण पाऊचमध्ये ७८ टक्के पाणी आहे. उरलेल्या २२ भागांत १० प्रथिनं, म्हणजे ४५ टक्क्यांहून अधिक. सुक्यात पाणी १० टक्के धरलं तर ९० भागांत ३२, म्हणजे ३५-३६. पाणी वजा केल्याशिवाय तुलना करूच नये. आणि ते पाणी फुकट जात नाही. आपल्या मांजराचे पूर्वज म्हणजे कोरड्या मुलखातली रानमांजरं. त्यांचं बरंचसं पाणी शिकारीतूनच येई, म्हणून तहान त्यांना कमी लागते. नुसत्या सुक्यावरचं मांजर एकूण पाणी कमीच घेतं, लघवी दाट होते, आणि बोक्याची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतो आहे आणि काही होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

सुकं खाद्य टाकाऊ नाही. ते स्वस्त पडतं, कामावर जाणाऱ्यांना सोयीचं असतं, आणि दिवसातून दोनदा मोजून दिलं, सोबत ओलं दिलं तर चांगलं चालतं. वाटी सकाळी भरून दिवसभर उघडी ठेवणं मात्र घातक. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मांजराची भूक वाढते, गरज घटते आणि वर्षभरात पोट लोंबू लागतं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, स्वस्त पडते म्हणून मोठी गोणी घेऊ नये. उघडल्यावर ती सादळते, तिला खवट वास येतो. 'धान्यविरहित' या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. शिजलेला स्टार्च मांजराला माफक प्रमाणात पचतो. प्रश्न भाताच्या कणाचा नव्हताच, भाताखेरीज काय आहे याचा होता.

आता नव्या मांजराचे पहिले दिवस. निवारा केंद्रात किंवा आधीच्या घरी ते जे खात होतं, तेच आठवडाभर द्यावं, मग ते स्वस्तातलं का असेना. त्यानंतर सात ते दहा दिवसांत थोडंथोडं नवं मिसळत बदल करावा. नव्या जागेत मांजर पलंगाखाली बसून राहतं, कुणी बघत असेल तर खात नाही. वाटी त्याच्या जवळ सरकवून माणसांनी खोलीतून निघून जावं. फ्रिजमधलं ओलं खाद्य कोमट करून दिलं की वास सुटतो आणि मांजर वासावर जेवतं. ते उकाड्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. या दिवसांत "निदान दूध तरी पिऊ दे" असं घरातल्या कुणालातरी वाटणारच. जुलाब झाले तर आहे ते पाणीही जाईल, हे त्यांना आधीच सांगून ठेवावं. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडं धावते आणि दोन-तीन दिवसांच्या उपासानंही, जाड मांजरात तर विशेष, यकृत चरबीनं भरून निकामी होऊ लागतं. "भूक लागली की खाईल" हा कुत्र्याला चालणारा नियम इथं लावू नये. मोठ्या मांजरानं चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा, आणि पिल्लू असेल तर एवढंही थांबू नये.